झाडं मोजून झाली असतील तर आता जमिनीची उंची मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात समुद्र वाढतोय या विषयावर अख्खं पान होतं आणि मधोमध मोठा नकाशा, त्यात किनाऱ्यालगतची सगळी खाजणं, खारफुटी, खाडीकाठचा चिखल, सगळं एकजात निळं रंगवलेलं, म्हणजे शतक संपता संपता हे सगळं पाण्याखाली. मजकूर चांगला होता, मेहनत दिसत होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मंगळवारी त्यावर एका वाचकाचं पत्र आलं की उगाच घाबरवू नका, खारफुटी हजारो वर्षं समुद्राबरोबर वर येत आलीये, तिचं ती बघून घेईल. आता गंमत अशी की नकाशाही चुकलाय आणि हे पत्रवाले गृहस्थही चुकलेत, आणि दोघं एकाच जागी चुकलेत, पायाखालच्या जमिनीकडे दोघांनीही पाहिलेलं नाही. मी काही वर्षं ही जमीन मोजायच्या कामात होतो, हौस म्हणून नाही, नोकरी म्हणून, गुडघाभर चिखलात, त्यामुळे वाचून गप्प बसवेना. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त आकडे कापू नका.

आधी नकाशा. हे नकाशे बनवायची रीत सोपी असते, आज जमीन किती उंच आहे तो डेटा घ्यायचा, त्यात मीटरभर पाणी ओतायचं, जे बुडेल ते निळं. बादलीत वीट ठेवून नळ सोडल्यासारखं. रस्ता, इमारत, कातळ यांच्या बाबतीत हे चालून जातं. पण खाजणाची जमीन म्हणजे वीट नव्हे, ती दर भरतीला वरून थोडी भर घेत असते, आतून मुळांनी फुगत असते, त्याच वेळी स्वतःच्या वजनाने दबत असते, जुनी मुळं कुजली की बसत असते, आणि या सगळ्याची बेरीज-वजाबाकी होऊन वर्षाला काही मिलिमीटर वर जाते किंवा खाली. समुद्रही वर्षाला मिलिमीटरमध्येच वाढतोय. म्हणजे ही शर्यत आहे, आणि नकाशात दोघांपैकी एकालाच पळू दिलंय.

जमीन वर येते कशी, तर पहिला मार्ग गाळाचा. भरतीचं पाणी गढूळ असतं, ते खोडांमधून, श्वासमुळांमधून, गवताच्या काड्यांमधून आत शिरलं की त्याचा वेग मोडतो, आणि वेग मोडला की पाण्याला गाळ पेलत नाही, तो खाली बसतो. ओहोटीला पाणी जातं, गाळ राहतो. आता यातली खरी हुशारी बघा, जो भाग खोलगट तो जास्त वेळ पाण्याखाली राहतो, म्हणून त्याला गाळही जास्त मिळतो आणि तो भराभर वर येतो, आणि वर आला की भरती तिथे कमी वेळा पोचते, मग गाळ कमी, वाढ मंद. म्हणजे समुद्र थोडा चढला तर जमीन आपोआप जास्त गाळ ओढून घेते, कुणी सांगावं लागत नाही. पत्रवाल्या गृहस्थांचं म्हणणं इथपर्यंत अगदी बरोबर आहे.

दुसरा मार्ग मुळांचा, आणि हा मला जास्त आवडतो कारण तो दिसतच नाही. बेलीझच्या किनाऱ्यासमोर समुद्रात ट्विन केज नावाची खारफुटीची बेटं आहेत, तिथे कुठली नदी नाही, पाणी स्वच्छ, गाळ जवळपास नाहीच. तरी ही बेटं सात-आठ हजार वर्षं समुद्राच्या बरोबरीने वर येत राहिली. कशाच्या जिवावर, तर स्वतःच्याच मुळांच्या. तिथे भोक पाडलं तर पीट लागतं, म्हणजे न कुजलेल्या मुळांचा तपकिरी थर, आणि तो काही ठिकाणी १० मीटर जाड आहे. पाण्याने तुडुंब भरलेल्या जमिनीत हवा नसते, हवा नाही म्हणून मुळं नीट कुजत नाहीत, जुनी मुळं तशीच राहतात आणि नवी त्यांच्यात घुसतात. झाडाने स्वतःच्या पायाखाली स्वतःच दहा मीटरचा ओटा बांधला. मॅकी, कहून आणि फेलर या तीन संशोधकांचा २००७ चा शोधनिबंध यावरच आहे, ज्यांना जमेल त्यांनी वाचावा.

पण मुळांवर उभी असलेली जमीन मुळं मेली की बसते, हेही लगेच सांगायला हवं. १९९८ साली मिच चक्रीवादळ आलं तेव्हा होंडुरासच्या ग्वानाहा बेटावरची खारफुटी वाऱ्याने साफ झाली. झाडं गेली हे तर फोटोत दिसलंच, पण नंतर मोजलं तेव्हा कळलं की जिथे झाडं मेली तिथली जमीन वर्षाला साधारण ११ मिलिमीटरने खाली बसत होती. वादळाने तिथली माती वाहून नेलेली नव्हती, मुळं मेली होती आणि खालचं पीट कुजून आवळत चाललं होतं. एकदा जमीन बसली की पाणी साचतं, पाणी साचलं की नवं रोप धरत नाही, रोप नाही तर मूळ नाही, हे चक्र एकदा उलटं फिरलं की फिरतच राहतं.

आता हे मिलिमीटर मोजतात कसे ते सांगतो कारण लोकांना ते खोटं वाटतं. चिखलात पट्टी रोवून काय कळणार, पट्टी स्वतःच बुडते. म्हणून स्टेनलेस स्टीलचे रॉड एकाला एक जोडत ठोकत जायचं, ठोकून ठोकून पुढे जाईनासे होईपर्यंत, कधी १५ मीटर, कधी २०, कधी त्याहून खोल, आणि वरचं टोक सिमेंटमध्ये पक्कं करायचं. आता चिखल हलला तरी रॉड हलत नाही. मोजायच्या दिवशी त्या टोकावर एक आडवा हात बसवायचा, त्यावर लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणायचा, आणि त्या हाताला असलेल्या ९ बारीक पिना एक एक करून हळूच खाली सोडायच्या, टोक चिखलाला टेकलं की थांबायचं, घुसू द्यायचं नाही. मग हाताच्या वर पिन किती उरली ते मोजायचं. चार दिशांना हात फिरवून ३६ आकडे. सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा त्याच जागी तेच. यूएसजीएस या अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे डोनाल्ड कहून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत घडवत नेली आणि आता जगभर हीच वापरतात.

ऐकायला सोपं वाटतं. करताना मुख्य नियम म्हणजे मोजायच्या जागेवर पाय पडता कामा नये, एक पाऊल पडलं की झाला सगळ्या वर्षांचा सत्यानाश, म्हणून बाजूला स्टँडवर फळी टाकायची आणि त्या फळीवर पालथं पडून, नाक चिखलापासून वीतभर अंतरावर, आकडे वाचायचे, डास चावला तरी हात झटकायचा नाही. कधी पिन नेमकी खेकड्याच्या बिळात जायची, मग आकड्यापुढे 'बीळ' असं लिहायचं, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणणार जमीन अचानक खचली. पहिल्यांदा मला हे सगळं पोरकटपणा वाटलं होतं हे कबूल करतो. तीन-चार वर्षांचे आकडे एका ओळीत लागले तेव्हा तोंड बंद झालं.

याच्या जोडीला अजून एक काम असतं, ते म्हणजे पांढरी पूड. फेल्डस्पार म्हणतात तिला. जमिनीवर एका चौकोनात ती पसरून ठेवायची आणि निघून जायचं. वर्षाने येऊन तिथला छोटा तुकडा कापून काढायचा, चिखल फारच पातळ असेल तर पोकळ नळी खुपसून आत लिक्विड नायट्रोजन सोडायचा, नळीभोवती चिखल गोठतो आणि अख्खा बाहेर येतो. त्यात पांढरी रेघ स्वच्छ दिसते. रेघेच्या वर जेवढा चिखल तेवढा वर्षभरात नवा बसला.

आणि इथेच खरी गोम आहे. समजा पांढऱ्या रेघेवर ६ मिलिमीटर नवा गाळ आहे, तर जमीन ६ मिलिमीटर वर आली असणार असं कुणीही म्हणेल. पण पिना सांगतात फक्त २. मग ४ गेले कुठे? ते खाली दबले. रेघेच्या खालची, रॉडच्या टोकाच्या वरची जमीन तेवढी बसली. (हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, दर ठिकाणी वेगळे असतात, काही ठिकाणी तर उलटं होतं, गाळ कमी आणि उंची जास्त, कारण आतून मुळं ढकलतायत.) त्यामुळे 'इथे भरपूर गाळ येतो, काळजी नाही' हे वाक्य अर्धवट आहे. जमा बघून पासबुक बंद करण्यासारखं आहे ते, खर्चाचं पान उघडलंच नाही. शिवाय गाळ जितका जास्त आणि भराभर बसतो तितकं दबणंही वाढतं, चार खंडांवरच्या ९७ खारपट गवताळ जागांच्या मोजण्या एकत्र करून २०२२ साली हेच दाखवलं गेलं.

आता गृहस्थांच्या 'हजारो वर्षं'कडे येतो. हजारो वर्षं खरी आहेत पण कुठली हजारो वर्षं ते बघा. खारफुटीने जो हा जाड थर बांधला तो समुद्र संथ झाल्यावर बांधला. हिमयुग संपताना बर्फ वितळून समुद्र वर्षाला १० मिलिमीटरच्याही वर चढत होता, पुढे तो वेग कमी होत गेला. तेव्हाच्या खारफुटीच्या खुणा जगभरातून गोळा करून सेंटिलन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलं की वर्षाला साधारण ६ ते ७ मिलिमीटरच्या वर वेग असताना खारफुटीला एका जागी टिकून थर रचणं जमलेलं दिसत नाही, वेग त्याखाली आला तेव्हाच तिने बैठक मारली. म्हणजे इतिहासात तिची ताकद दिसते तशीच तिची हद्दही दिसते. आता आजचा वेग: १९०१ ते १९७१ जगाची सरासरी वर्षाला १.३ मिलिमीटर होती, २००६ ते २०१८ मध्ये ३.७ झाली. हद्दीपर्यंत अजून अंतर आहे, पण आपण कुठल्या दिशेला चाललोय ते कळायला गणित लागत नाही. आणि ही नुसती समुद्राची सरासरी झाली, जिथे खालचा सगळा भूभागच खचतोय, म्हणजे नदीच्या मुखाशी गाळाने बनलेले डेल्टा, तिथे तो खचण्याचा वेग यात मिळवायचा, मग ६-७ काही ठिकाणी आजच गाठलेत.

प्रत्यक्ष मोजणी काय म्हणते? हिंदी महासागर आणि पॅसिफिकच्या खारफुटीतल्या पिनांचे आकडे २०१५ साली एकत्र केले तेव्हा ६९ टक्के ठिकाणी जमीन समुद्रापेक्षा हळू वर येत होती. उरलेल्या ठिकाणी बरोबरीने किंवा पुढे. फरक मुख्यतः कशाचा, तर गाळाचा. जिथे पाण्यात भरपूर गाळ तिथे खारफुटी निभावून नेते, जिथे नाही तिथे मागे पडते. म्हणून मी म्हणतो नकाशाही चूक आणि निर्धास्तपणाही चूक, कुठली जागा वाचेल ते तिथल्या गाळाला विचारा.

आणि गाळाचं आपण काय केलंय? नद्यांवर धरणं बांधली, गाळ धरणात बसला. उरलेला गाळ पुराबरोबर पसरू नये म्हणून नदीच्या दोन्ही काठांना बांध घातले, तो थेट खोल समुद्रात जाऊन पडला. मिसिसिपी नदीचं हेच झालं, आणि लुइझियाना राज्याने १९३२ ते २०१६ या काळात सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर किनारी जमीन गमावली, त्यात तेलासाठी खणलेले कालवे, जमीन मुळातच खचणं, वादळं, सगळ्यांचा हात आहे, पण उपाशी जमिनीला बाकीचे घाव सोसत नाहीत.

याहून डोळ्यात भरणारं उदाहरण बांगलादेशातलं आहे. तिथे १९६०-७० च्या दशकांत खाऱ्या पाण्यापासून शेती वाचवायला बेटांभोवती मातीचे बांध घातले, अशा बांधाने वेढलेल्या जमिनीला पोल्डर म्हणतात. हेतू चांगलाच होता. पण बांधाने पाणी अडलं तसा गाळही अडला, आणि बांधाबाहेर सुंदरबनचं जंगल दर भरतीला गाळ खात वर येत राहिलं. पन्नास वर्षांनी परिस्थिती अशी की बांधातली जमीन बाहेरच्या भरतीच्या सरासरी पातळीपेक्षा १ ते १.५ मीटर खाली. शेजारी शेजारी, मधे फक्त एक बांध, एकीकडे जंगल टिकून आणि दुसरीकडे माणसं खड्ड्यात. मग २००९ ला आयला वादळात बांध फुटले, काही ठिकाणी जवळजवळ दोन वर्षं भरती रोज आत-बाहेर करत होती, लोकांचे अतोनात हाल झाले, बांधावर झोपड्या टाकून राहिली माणसं, त्याचं कौतुक कुणी करू नये, पण मागाहून मोजलं तर आतली जमीन काही भागात तीस-चाळीस सेंटिमीटर वर आलेली होती. कित्येक वर्षांचा गाळ पाण्याने दोन वर्षांत आणून टाकला. याच तत्त्वावर तिथले शेतकरी ठरवून, एका वेळी एक बिल म्हणजे खोलगट भाग उघडून भरती आत घेतात, काही वर्षांनी तो भरला की बंद करून दुसरा. नव्वदच्या दशकात लोकांनी स्वतः बांध कापून हे केलं तेव्हा सरकारी मंडळींच्या कपाळाला आठ्या होत्या, पुढे तेच अधिकृत धोरण झालं.

आणि पाणथळ कोरडी केली तर काय होतं हे कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो डेल्टात दिसतं. शंभरेक वर्षांपूर्वी तिथलं पीट शेतीसाठी कोरडं केलं, हवा लागली, पीट अक्षरशः हवेत विरून गेलं, आज तिथल्या काही बेटांची शेतं समुद्रपातळीच्या ७ मीटर खाली आहेत. बांध आहेत म्हणून आहेत.

वर येणं जमलं नाही तर खारफुटीकडे अजून एक वाट असते, मागे सरकायची. पण मागे भिंत असेल, रस्ता असेल तर सरकणार कुठे. याबद्दल बरंच लिहून झालंय, मी वाढवत नाही.

मला लिहायचंय ते हिरव्या रंगाबद्दल. तुमच्या पेपरात, सगळ्याच पेपरांत, दर पावसाळ्यात बातमी असते की इतकी लाख खारफुटीची रोपं लावली, किंवा सॅटेलाइट फोटोनुसार खारफुटीचं क्षेत्र इतकं वाढलं. सॅटेलाइटला वरून पानं दिसतात हो. जमीन बसत चाललीये हे पानांना कळायला फार उशीर लागतो, झाड वर हिरवंगार आणि खाली पाया सुटत चाललेला असं वर्षानुवर्षं चालू शकतं. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लम आयलंड खाडीत ९ वर्षं मुद्दाम खताचं पाणी सोडून बघितलं, जसं शहरांच्या सांडपाण्यातून जातं तसं. काय झालं? गवत वरून जास्त माजलं, हिरवंकंच, कुणी फोटो काढला असता तर बक्षीस दिलं असतं. पण खत आयतं मिळाल्यावर गवताने मुळं कमी टाकली, जी होती ती लवकर कुजली, आणि ओढ्यांचे काठ ढासळून चिखलात पडले. २०१२ ला हे प्रसिद्ध झालं. तेव्हापासून 'भरगच्च हिरवळ' हे शब्द वाचले की माझी नजर आपोआप खाली जाते.

रोपं लावण्याचंही तेच. फिलिपीन्समध्ये कितीतरी वर्षं खारफुटी लावायच्या मोहिमा झाल्या आणि बरीचशी रोपं मेली, कारण ती लावली कुठे तर जिथे जागा रिकामी दिसली तिथे, उघड्या चिखलावर, खूप खाली, जिथे झाड दिवसातला फार वेळ पाण्याखाली राहतं. ती जागा रिकामी होती कारण तिथे झाड येऊ शकत नव्हतं, नाहीतर झाडाने तुमची वाट बघितली असती का? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वीतभर उंचीचा फरक असतो जगण्या-मरण्यात, आणि ती वीत मोजायला कुणी थांबत नाही कारण फोटोत रोप येतं, उंची येत नाही.

म्हणून विनंती इतकीच की पुढच्या वेळी अशी बातमी आली तर तुमच्या वार्ताहराने तीन साधे प्रश्न विचारावेत, इथली जमीन गेल्या दहा वर्षांत वर गेली का खाली, कुणी मोजलीये का, आणि इथे गाळ येतो तो कुठून. उत्तर 'माहीत नाही' आलं तर तेच छापा, तीही बातमीच आहे. आणि तो निळा नकाशा पुन्हा छापणार असाल तर खाली बारीक अक्षरात का होईना एक ओळ टाका, की यात जमीन वर येणं किंवा खचणं धरलेलं नाही. मंगळवारच्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा, त्यांचं निम्मं बरोबर आहे, आणि कधी सवड झाली तर फळीवर पालथं पडून ३६ आकडे वाचायला या म्हणावं, कंबर धरते पण शंका फिटते.

कळावे,
आपला एक नेहमीचा वाचक